तेलजहाजामागे टग हवा, आणि तो कायद्याने हवा

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. हा पूल गर्दीला अपुरा पडतो हे रेल्वे प्रशासनाला ठाऊक नव्हते असे नाही. नव्या पुलाला कागदोपत्री मंजुरी मिळालेली होती. काम तेवढे सुरू झाले नव्हते. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल लोकांसाठी खुला झाला. रखडलेले काम पाच महिन्यांत पार पडले. त्याच वर्षी स्थानकाला प्रभादेवी हे नाव मिळाले. नाव बदलले, पण धोका ठाऊक असूनही माणसे मरेपर्यंत वाट पाहण्याची राज्यकर्त्यांची रीत बदलली नाही. प्रभादेवीच्या पश्चिमेला जो समुद्र आहे, त्याच्या बाबतीतही हीच रीत चालू आहे, आणि तिच्याविषयी वेळीच बोलले पाहिजे.

जून २०११ मध्ये ‘विज्डम’ नावाचे एक जुने, रिकामे मालवाहू जहाज कोलंबोहून अलंगच्या जहाजतोडणी यार्डाकडे ओढून नेले जात होते. मुंबईजवळ टगचा दोर तुटला. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणारी, रेटणारी आणि प्रसंगी आवरून धरणारी लहान पण बलवान बोट. तिचा दोर तुटताच हे निर्मनुष्य जहाज वाऱ्यावर आणि लाटांवर वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या दिशेने भरकटले. ते सेतूवर न आदळता ११ जूनला जुहूच्या वाळूत रुतले, हा केवळ योगायोग होता. त्याच पावसाळ्यात ३१ जुलैला ‘पवित’ हे छोटे तेलवाहू जहाज जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागले. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिल्यानंतर महिनाभर ते समुद्रात तरंगत होते आणि आपल्या एकाही सुरक्षा यंत्रणेच्या नजरेस पडले नव्हते. पाठोपाठ ४ ऑगस्टला ‘रॅक कॅरियर’ हे कोळशाचे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले आणि त्याच्या टाक्यांतील इंधन तेल समुद्रात पसरू लागले. आठ आठवड्यांत तीन जहाजे. यांपैकी एकही भरलेला टँकर नव्हता, म्हणून मुंबई वाचली. शासनाच्या दक्षतेमुळे वाचली असे कोणी म्हणणार नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, ७ ऑगस्ट २०१० रोजी, बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली होती. चित्रा न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होते, खलिजिया मुंबई बंदरात येत होते. चित्रा कलंडले, त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात कोसळले आणि सुमारे ८०० टन तेल सांडले. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा तवंग उरण, अलिबाग, घारापुरीपर्यंत पोहोचला. तिवरांच्या श्वासमुळांवर काळा थर बसला. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. पावसाळाभर बोटी किनाऱ्याला ओढून, कर्ज काढून, जाळी दुरुस्त करून कोळी समाज हंगामाची वाट पाहत होता. आणि हंगाम तोंडावर असताना गिऱ्हाइकाने मासळीकडे पाठ फिरवली. टक्कर झाली दोन परदेशी ध्वजांच्या जहाजांची, आणि टोपली रिकामी राहिली कोळणीची.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. चित्रा हे कंटेनर जहाज होते, टँकर नव्हते. त्याच्या मागे टग असता तरी टक्कर टळली असती असे म्हणता येत नाही. हे मान्य. परंतु याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू पाहावी. चित्रातून सांडले ते मालाचे तेल नव्हते. ते जहाजाच्या स्वतःच्या इंजिनासाठी नेलेले इंधन होते. तेवढ्या इंधनाने दोन बंदरे बंद पडली. तटरक्षक दलाच्या राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेत ७०० टनांपर्यंतची गळती ही पहिल्या पातळीची, म्हणजे बंदराने स्वतःच्या साधनांनी निस्तरायची गळती मानली जाते. ती मर्यादा एका कंटेनर जहाजाच्या इंधनानेच ओलांडली. त्याच तोंडातून आत शिरून जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याकडे आणि पीरपावकडे जे टँकर जातात, त्यांच्या पोटात हजारो टन कच्चे तेल आणि तेलजन्य माल असतो. माहुलच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांचे जीवन या वाटेवर अवलंबून आहे. वाट अरुंद आहे, भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार आहे, दोन मोठ्या बंदरांची जहाजे, नौदलाची जहाजे, लाँचेस आणि मासेमारी बोटी यांची तिच्यावर सतत ये-जा आहे. एका बाजूला घारापुरी, दुसऱ्या बाजूला शिवडीची चिखलवट आणि माहुलची खाडी.

अशा वाटेवर भरलेल्या टँकरचे सुकाणू अडकले किंवा इंजिन बंद पडले, तर काय होते? भरलेला टँकर मोटारीसारखा थांबत नाही. इंजिन उलटे फिरवले तरी मैलभर पुढे जातो, आणि इंजिनच बंद असेल तर प्रवाह नेईल तिकडे जातो. बंदरात हाताशी असलेला टग बोलावून येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली, तर खडक गाठायला तेवढी पुरतात. म्हणूनच जगातील अनेक तेलबंदरांत सोबतीचा टग टँकरच्या पाठीमागे दोराने बांधलेल्या अवस्थेतच चालतो. संकट आले की त्याला निरोप धाडावा लागत नाही. तो आपल्या अंगाचा आणि यंत्राचा जोर लावून टँकरचा वेग मारतो आणि त्याचे तोंड वळवतो. धक्क्याला लावताना टग वापरणे ही सगळ्याच बंदरांची जुनी पद्धत आहे. येथे प्रश्न धक्क्याचा नाही. समुद्रातून धक्क्यापर्यंतच्या संपूर्ण वाटेत, दोर बांधून, पुरेशा ताकदीची सोबत असावी की नाही, आणि ती कोणाच्या मर्जीवर असावी, हा प्रश्न आहे.

मर्जीवर सोडले की काय होते याचे उदाहरण १६ मार्च १९७८ चे आहे. त्या दिवशी सकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘अमोको कॅडिझ’ या टँकरचे सुकाणू निकामी झाले. ‘पॅसिफिक’ नावाचा जर्मन टग मदतीला पोहोचला. पण ओढण्याचे ठरावीक भाडे घ्यायचे की जहाज वाचवल्याचा मोबदला, यावरून कप्तान, टगचे मालक आणि जहाजाचे दूरदेशीचे मालक यांच्यात तासन्‌तास वाटाघाट चालली. मध्यंतरी बांधलेला दोर तुटला, पुन्हा बांधला, टगची ताकद अपुरी पडली आणि रात्री जहाज खडकावर चढले. दोन लाख टनांहून अधिक तेल ब्रिटनीच्या किनाऱ्यावर आले. घासाघीस झाली नसती तर जहाज निश्चित वाचले असते असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. परंतु खडक जवळ येत असताना कराराच्या कलमांची चर्चा चालू राहावी, ही व्यवस्था वेडेपणाची होती, हे फ्रेंच सरकारलाही पटले. पुढच्याच वर्षी त्याने ब्रेस्ट बंदरात एक बलाढ्य टग कायमचा तैनात केला.

अर्धवट सोबत म्हणजे काय, हे अलास्काने १९८९ साली दाखवले. २४ मार्चच्या मध्यरात्री ‘एक्सॉन वाल्डीझ’ खडकावर आदळले आणि सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. या टँकरला अरुंद खिंडीतून बाहेर काढण्यापुरता टग सोबत होता. खिंड संपली, टग परतला, बंदराचा पायलट उतरला, आणि नंतर अपघात झाला. त्यानंतर अमेरिकेने १९९० साली कायदा करून त्या उपसागरात प्रत्येक भरलेल्या एककवची टँकरला दोन सोबतींची सक्ती केली. त्याच देशातील वॉशिंग्टन राज्याने तर अपघाताची वाट न पाहता १९७५ सालीच मोठ्या टँकरांसाठी टगचा कायदा केला होता. तेलकंपनी न्यायालयात गेली. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची इतर काही कलमे रद्द केली; टगच्या सोबतीचा राज्याचा अधिकार मात्र मान्य केला. २०१९ साली त्याच राज्याने ही सक्ती काही भागात लहान तेलनौकांपर्यंत वाढवली. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे नियमन चालते, ते मुंबईत आणायचे म्हटले की ‘उद्योगाला अडथळा’ कसे ठरते, याचे उत्तर आपल्या नौवहन मंत्रालयाने द्यावे.

आता नेहमीचे युक्तिवाद पाहू. पहिला असा की, आजचे टँकर दुहेरी कवचाचे असतात, म्हणून टगची गरज उरली नाही. दुहेरी कवच चांगलेच आहे. हलक्या धक्क्यात ते तेल आत राखते; परंतु ते बंद पडलेले इंजिन चालू करत नाही आणि अडकलेले सुकाणू फिरवत नाही. अलास्कात एककवची टँकर गेले आणि दुहेरी कवचाचे आले, तेव्हा सोबतीची सक्ती आपोआप संपणार होती. पण २०१० साली अमेरिकन काँग्रेसने ती दुहेरी कवचाच्या टँकरांनाही लागू केली. कवच आणि सोबत ही दोन वेगळी संरक्षणे आहेत. एक आहे म्हणून दुसरे काढून घ्यावे हा हिशेब फक्त विमा उतरवणाऱ्याला आणि नफा मोजणाऱ्याला सुचतो.

दुसरा युक्तिवाद खर्चाचा. टग महाग, त्याचे इंधन महाग, बंदराचे दर वाढतील, जहाजे दुसऱ्या बंदराकडे जातील. हा खर्च आजही कोणीतरी करतोच आहे, एवढेच येथे विसरले जाते. गळती झाली की तो खर्च कोळी करतात, मासळी विकणाऱ्या बाया करतात, महापालिकेचे सफाई कामगार करतात. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किनाऱ्यावर आलेला तेलाचा चिखल माणसांनी बादल्यांनी उपसला. जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांत गणना होणाऱ्या देशाचे तेलगळतीविरुद्धचे अखेरचे हत्यार बादली होते! मुंबईच्या पावसाळी समुद्रात तर तवंग अडवणारे तरंगते अडसरही लाटांखाली जातात. समुद्रात सांडलेले तेल परत गोळा करता येते ही समजूत सरकारी कवायतींपुरती ठीक आहे. खर्च करायचा तो सांडण्यापूर्वीच करावा लागतो. वाढवण बंदरासाठी ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाला मंजुरी देणाऱ्या सरकारने टगच्या खर्चाचे रडगाणे गाऊ नये. आणि एक बंदर दुसऱ्याला स्वस्ताईत मागे टाकील ही भीती खरी असेल, तर ती देशभर एकच कायदा असावा यासाठीचा पुरावा आहे.

नुकसानभरपाई मिळतेच की, असेही म्हटले जाते. रॅक कॅरियर बुडाले २०११ मध्ये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला २०१६ मध्ये. आदेश निघायलाच पाच वर्षे लागली. ज्याची बोट एक हंगाम किनाऱ्याला पडून राहिली तर सावकार दारात येतो, त्याला पाच वर्षांनंतरच्या आदेशाने काय मिळते? २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापलीकडे ‘एमएससी एल्सा-३’ बुडाले. तेथेही आधी जहाज बुडाले, मग राज्य सरकार उच्च न्यायालयात गेले आणि त्याच कंपनीचे दुसरे जहाज अडकवून ठेवावे लागले.

तिसरा युक्तिवाद आपल्याच बाजूने येऊ शकतो, म्हणून त्याचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे. माहुलचे दोन्ही कारखाने सार्वजनिक क्षेत्राचे आहेत; एस्सो आणि बर्मा-शेल यांचे राष्ट्रीयीकरण व्हावे म्हणून डाव्या चळवळीने आवाज उठवला होता. मग त्यांच्या मालावर नवा बोजा आपण का घालावा? उत्तर सरळ आहे. सार्वजनिक मालकी म्हणजे सार्वजनिक जबाबदारीतून सुटका नव्हे. माल सार्वजनिक कंपनीचा असला तरी तो वाहणारे जहाज भाड्याचे, परदेशी ध्वजाचे असू शकते, आणि सांडलेल्या तेलाला मालक कोण याने काही फरक पडत नाही. सार्वजनिक उद्योगाने याबाबतीत खाजगी उद्योगापुढे उदाहरण घालून द्यावे. नियमातून सूट मागू नये.

मात्र केवळ ‘टग असला म्हणजे झाले’ असेही नाही. डिसेंबर १९७८ मध्ये शेटलंडच्या सलम व्हो बंदरात ‘एसो बर्निसिया’ या टँकरला धक्क्याला लावताना टग होते. त्यांपैकी एकाला आग लागली, त्याला दोर सोडावा लागला आणि जहाज धक्क्यावर आदळून हजार टनांहून अधिक इंधन सांडले. टगची संख्या कागदावर भरली म्हणजे सुरक्षितता आली असे नाही. त्याची ताकद, त्याची निगा आणि त्यावरील माणसे यांचा प्रश्न येतो. आपल्याकडे बंदरांतील कामे ठेकेदारीकडे सरकत गेली, त्यात टगही गेले. ठेका सर्वांत कमी दराला मिळतो. कमी दर येतो कमी माणसांतून, लांब पाळ्यांतून आणि लांबणीवर टाकलेल्या दुरुस्तीतून. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपलीकडे ‘पी-३०५’ ही निवासी नौका बुडाली, त्याच वादळात ‘वरप्रदा’ हा टगही बुडाला. वरप्रदावरील १३ माणसांपैकी २ वाचली. समुद्रावरच्या कंत्राटी कामगाराच्या जिवाची किंमत त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिली. जो टग स्वतःच्या खलाशांना वाचवण्याच्या स्थितीत नसेल, तो टँकरला काय वाचवणार? टग कामगाराची सुरक्षितता आणि किनाऱ्याची सुरक्षितता हा एकच प्रश्न आहे.

सरकारलाही टग आठवतात, पण वेगळ्या कारणाने. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘हरित टग’ योजना जाहीर झाली; डिझेलऐवजी स्वच्छ ऊर्जेवर चालणारे टग निवडक बंदरांत आणण्याची. त्याला आमचा विरोध नाही. परंतु टगचे इंजिन कोणत्या ऊर्जेवर चालते याबरोबर तो टँकरमागे बांधलेला असतो की धक्क्यावर विसावलेला असतो, हेही शासनाने विचारले पाहिजे. धूर न सोडणारा टग धक्क्याला उभा आणि टँकर खडकावर, असे चित्र हरित म्हणता येणार नाही.

२०२५ साली संसदेने १९०८ चा बंदर कायदा आणि १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा बाजूला सारून नवे कायदे केले. जुने कायदे जुनाट होते यात शंका नाही. पण नव्या कायद्यांच्या गुणगानात ‘व्यवसायसुलभता’ हा शब्द जितक्या वेळा ऐकू आला, तितक्या वेळा मच्छीमार हा शब्द ऐकू आला नाही. कायद्याचा खरा अर्थ नियमांत ठरतो, आणि नियम मंत्रालयाच्या बंद खोल्यांत, बंदर कंपन्यांच्या सल्ल्याने लिहिले जातात. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत.

ठरावीक वजनावरील प्रत्येक भरलेल्या तेल व रसायनवाहू जहाजाला बंदराच्या तोंडाबाहेरून धक्क्यापर्यंत दोर बांधलेल्या टगची सोबत सक्तीची असावी. पावसाळ्यात टगची संख्या वाढवावी. आणि ही सक्ती बंदराधिकाऱ्याच्या मर्जीने शिथिल करता येऊ नये. टगची ओढण्याची व आवरण्याची ताकद स्वतंत्र यंत्रणेने तपासावी आणि प्रत्यक्ष टँकरसह दरवर्षी सराव व्हावा. सोबतीचे टग बंदराच्या मालकीचे आणि त्यावरील कामगार कायम असावेत. पाळीचे तास कायद्याने बांधलेले असावेत. खर्च टँकरच्या शुल्कातून वसूल व्हावा. पश्चिम किनाऱ्यावर भर समुद्रासाठी बलवान आपत्कालीन टग बाराही महिने तैनात असावा; आणि मालकाच्या संमतीची वाट न पाहता ‘दोर बांधा’ असा हुकूम देण्याचा अधिकार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा. अपघात होता होता टळला अशा घटनांचीही नोंद जाहीर व्हावी, आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत मच्छीमार संस्थांचे व बंदर कामगारांचे प्रतिनिधी असावेत. ब्रिटनने १९९३ च्या ‘ब्रेअर’ अपघातानंतर चार आपत्कालीन टग ठेवले आणि २०११ मध्ये काटकसरीच्या नावाखाली ती व्यवस्था मोडीत काढली. अर्थसंकल्पाच्या कृपेवर उभी असलेली सुरक्षितता अशीच जाते. म्हणून हे सारे कायद्यात हवे.

हा विषय तज्ज्ञांचा आहे, आपला नाही, असे कार्यकर्त्यांनी समजू नये. गिरणीत सुरक्षिततेचे नियम तज्ज्ञांनी लिहिले असतील. ते पाळायला लावले ते कामगारांच्या संघटनेने. वरळी, माहीम, कुलाबा, ट्रॉम्बे येथील कोळीवाडे, बंदरातील व गोदीतील संघटना आणि माहुलच्या कारखान्यांतील कामगार यांना एका मागणीपत्रावर आणणे हे राजकीय काम आहे, आणि ते आपणच करू शकतो. कोळ्याला हंगाम वाचवायचा आहे, टगवरच्या खलाशाला नोकरी आणि जीव वाचवायचा आहे, शुद्धीकरण कामगाराला कारखाना चालू हवा आहे. या तिघांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत असे भासवण्यात ज्यांचा फायदा आहे, ते आजवर यशस्वी झाले. कारण हे तिघे एका सभेत कधी बसले नाहीत. ती सभा या पावसाळ्यापूर्वी प्रभादेवीत भरवावी, आणि तिच्या ठरावाची प्रत बंदर प्राधिकरण, नौवहन महासंचालक व राज्य शासन यांच्या हाती शिष्टमंडळाने नेऊन द्यावी. उत्तर लेखी मागावे, आणि न मिळाल्यास पुन्हा जावे.